फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर ‘मार्जिन पॉझिटिव्ह’ असा अहवाल आला आहे, पुढे काय?

काटोलची लेक

नमस्कार. माझे वडील ६४ वर्षांचे असून निवृत्त शिक्षक आहेत. विडी-सिगारेट त्यांनी कधीच ओढली नाही. आपल्याकडच्या अनेकांप्रमाणे नोकरीच्या काळात सुपारी-तंबाखूचा खर्रा मात्र खात असत, तोही सोडून बरीच वर्षे झाली. खोकला हटत नव्हता म्हणून केलेल्या तपासण्यांत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात गाठ सापडली आणि नागपूरमधील एका खासगी रुग्णालयात तो संपूर्ण खंड शस्त्रक्रियेने काढण्यात आला. शस्त्रक्रियेनंतर सर्जनांनी गाठ पूर्ण निघाल्याचे आम्हाला सांगितले होते, वडीलही लवकर हिंडू-फिरू लागले, त्यामुळे आम्ही निर्धास्त झालो होतो.

आता अंतिम बायोप्सी अहवाल हाती आला आहे. त्यात ॲडिनोकार्सिनोमा (फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार), आकार ४.२ सेंटिमीटर, तपासलेल्या ११ लसिकाग्रंथींपैकी फुप्फुसातल्या श्वासनलिकेलगतच्या एका ग्रंथीत कर्करोग, अवस्था दोन-बी, असे लिहिले असून शेवटी ‘श्वासनलिकेच्या कापलेल्या कडेवर कर्कपेशी आढळतात’, म्हणजेच ‘मार्जिन पॉझिटिव्ह’, ही ओळ आहे. या एका ओळीवरून घरात तीन मते झाली आहेत. सर्जन म्हणतात की केमो आणि शेक (किरणोपचार) दोन्ही घ्यावे लागतील. ओळखीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा शस्त्रक्रिया करून उरलेला भाग काढता येतो का, हे विचारायला सांगितले. मोठे काका मात्र ‘पेशी राहिल्या म्हणजे ऑपरेशन वाया गेले, आता म्हाताऱ्याला त्रास देऊ नका’ असे म्हणून मोकळे झाले आहेत.

माझे प्रश्न असे आहेत. पेशी शिल्लक राहिलेल्या रुग्णांचे पुढे प्रत्यक्षात काय होते? पुन्हा शस्त्रक्रिया, शेक आणि केमो यांपैकी कशाचा फायदा सिद्ध झाला आहे? शस्त्रक्रियेनंतर मिळणाऱ्या नव्या गोळ्यांविषयी आणि इम्युनोथेरपीविषयी इंटरनेटवर फार आशादायक आकडे वाचायला मिळतात, ते वडिलांना लागू होतात का? निर्णयासाठी आमच्याकडे किती वेळ आहे? जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे, आकडे वाईट असले तरी चालतील.

जुना मायक्रोस्कोप

मी विकृतिशास्त्र विभागात दीर्घकाळ काम केले आहे, त्यामुळे अहवालापुरतेच लिहितो. उपचाराचा सल्ला देणे माझ्या कक्षेत येत नाही.

शस्त्रक्रियेनंतर शरीरात रोग उरला आहे का, याची नोंद ‘आर’ या अक्षराने करतात. सर्व कडा स्वच्छ असतील तर आर-०, डोळ्यांना काही न दिसता केवळ सूक्ष्मदर्शकाखाली कडेवर पेशी आढळल्या तर आर-१, आणि दिसणारा रोगच मागे ठेवावा लागला तर आर-२. सर्जनांनी गाठ पूर्ण निघाल्याचे सांगितले आणि अहवालात पेशी असल्याचे आले, यात वरवर वाटतो तसा विरोध नाही. आर-१ या नोंदीचा अर्थच मुळी तो आहे. काकांच्या मनात जे चित्र आहे ते बहुधा आर-२चे असावे, आणि या दोहोंच्या परिणामांत बराच फरक आहे.

मात्र आर-१ हे नाव देखील पुरेसे नाही. अहवाल लिहिणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना भेटून काही गोष्टी विचारून घ्या. पहिली गोष्ट अगदी साधी असूनही अनेकदा निसटते. शस्त्रक्रिया चालू असताना शंका आली तर सर्जन श्वासनलिकेची आणखी एक पातळ चकती कापून वेगळ्या डबीत पाठवतात. अशा वेळी मुख्य नमुन्याची कड पॉझिटिव्ह आणि वेगळी पाठवलेली चकती स्वच्छ, असा अहवाल येऊ शकतो. तसे असेल तर खरी शेवटची कड त्या चकतीची धरायची आणि प्रत्यक्षात वडिलांची शस्त्रक्रिया आर-० ठरते. अहवालाच्या सुरुवातीला आलेल्या नमुन्यांची यादी असते, ती नीट वाचा आणि शस्त्रक्रियेच्या नोंदीशी ताडून पाहा.

दुसरी गोष्ट म्हणजे पेशी कडेच्या कोणत्या थरात आहेत. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरात, अस्तराची सीमा न ओलांडलेल्या स्वरूपात त्या असतील, ज्याला कार्सिनोमा इन सिटू म्हणतात, तर त्याचा आयुर्मानावर होणारा परिणाम बराच सौम्य असतो. आंतरराष्ट्रीय फुप्फुस कर्करोग अभ्यास संघटनेने २००५ मध्ये सुचवलेल्या व्याख्येत तर अशा कडेला ‘अपूर्ण’ न म्हणता ‘अनिश्चित’ या वेगळ्या गटात ठेवले आहे. अर्थात हा प्रकार मुख्यतः ‘स्क्वॅमस’ या दुसऱ्या प्रकारच्या कर्करोगात दिसतो, ॲडिनोकार्सिनोमात तो अपेक्षित नाही, म्हणून त्यावर फार आशा लावून बसू नका. ॲडिनोकार्सिनोमात प्रश्न वेगळा असतो. पेशी अस्तरापर्यंत पसरल्या आहेत, की नळीच्या बाहेरच्या मऊ आवरणात, म्हणजे तिथल्या लसिकावाहिन्यांत आहेत? बाहेरून, लसिकावाहिन्यांच्या वाटेने कडेपर्यंत आलेला रोग हा सहसा लसिकाग्रंथींमधल्या प्रसाराचा सोबती असतो आणि त्याचा परिणाम तुलनेने वाईट असतो.

तिसरी गोष्ट ग्रंथींची. ११ ग्रंथी तपासल्या हे चांगले, पण त्या कुठल्या होत्या? छातीच्या मध्यभागातील, विशेषतः घशातून खाली येणाऱ्या मुख्य श्वासनलिकेच्या उजव्या बाजूच्या आणि ती जिथे दुभागते त्याखालच्या, असे दोन्ही गट अहवालात नावानिशी आले आहेत का? ते काढलेच नसतील तर ‘एकाच ग्रंथीत रोग’ या वाक्याचा भरवसा कमी होतो, आणि पुढचे सगळे निर्णय त्या वाक्यावर उभे आहेत.

दुसरे मत घ्यायचे असेल तर केवळ अहवालाची प्रत नेऊन भागत नाही. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक मिळवण्याचा रुग्णाला हक्क आहे, आणि पुढच्या जनुकीय चाचण्याही त्याच ब्लॉकवर होणार आहेत. त्यामुळे ते प्रवासात हरवणार नाहीत, उन्हात गाडीत पडून वितळणार नाहीत, याची काळजी घ्या. नागपूरच्या मे महिन्यात ही सूचना गमतीची नाही.

बर्डीवाला

शस्त्रक्रिया चालू असतानाच ‘फ्रोझन सेक्शन’ करून कड तपासता येते, असे मी वाचले आहे. मग पेशी राहिल्याच कशा? स्पष्ट बोलायचे तर ही सर्जनची निष्काळजी दिसते. ताईंनी आधी त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवावा आणि मगच त्यांच्या सल्ल्यावर विश्वास ठेवावा.

किरणोपचार, निवृत्त

बर्डीवाला यांच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण या रागात पुष्कळ कुटुंबांचे मोलाचे आठवडे जातात. फ्रोझन सेक्शन ही घाईची तपासणी असते. गोठवलेल्या ऊतीचे मोजके छेद पाहून काही मिनिटांत उत्तर द्यायचे असते. अस्तरातला रोग तिच्यात बहुधा सापडतो, नळीबाहेरच्या आवरणातल्या विरळ पेशी मात्र सुटू शकतात आणि अंतिम अहवालातच उघड होतात. शिवाय कड पॉझिटिव्ह असल्याचे टेबलावरच कळले, तरी आणखी कापणे दर वेळी शक्य नसते. उजव्या वरच्या खंडाची नळी मुख्य नळीला अगदी जवळ जोडलेली असते. आणखी कापायचे म्हणजे नळीचा तुकडा काढून टोके पुन्हा जोडायची, ज्याला स्लीव्ह शस्त्रक्रिया म्हणतात, किंवा संपूर्ण उजवे फुप्फुस काढायचे. रुग्णाची श्वासक्षमता ते सोसणार नसेल तर जाणता सर्जन हात आवरतो. खुलासा जरूर विचारावा, पण तो ‘शस्त्रक्रियेच्या वेळी काय दिसले आणि आणखी कापणे का टाळले’ या प्रश्नाच्या रूपात. त्याचे उत्तर पुढच्या उपचारासाठी उपयोगी पडेल.

आता परिणामांविषयी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणीतील एक लाखाहून अधिक फुप्फुस शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण ४.७ टक्के रुग्णांच्या कडा पॉझिटिव्ह होत्या, म्हणजे उत्तम सोयी असलेल्या देशातही सुमारे वीसात एकाच्या बाबतीत हे घडते. कडा स्वच्छ असलेल्यांपैकी सुमारे ५८ टक्के, तर कडा पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी सुमारे ३४ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. फरक मोठा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण काकांना हेही सांगा की ज्यांच्याबाबत ‘ऑपरेशन वाया गेले’ असे म्हणायचे, त्यांच्यातले तीनांपैकी एक जण पाच वर्षांनंतर जिवंत होते, आणि ही सर्व अवस्था मिसळून काढलेली, आजच्या लक्ष्यवेधी (ठरावीक जनुकीय बदलावर काम करणाऱ्या) गोळ्या शस्त्रक्रियेनंतर वापरात येण्यापूर्वीच्या काळातली सरासरी आहे.

या सरासरीत आणखी एक गोम आहे. ज्यांच्या कडा पॉझिटिव्ह येतात त्यांच्या गाठी मुळात मोठ्या, मध्यभागी असलेल्या आणि ग्रंथींमध्ये पसरलेल्या असतात. त्यामुळे ५८ आणि ३४ यांतला सगळा फरक त्या कडेवरच्या पेशींनी केलेला नसतो. छातीच्या मध्यभागातील ग्रंथींपर्यंत रोग गेला असेल तर कडेपेक्षा त्या ग्रंथीच भवितव्य ठरवतात. उलट ग्रंथी स्वच्छ असतील, किंवा तुमच्या वडिलांप्रमाणे फुप्फुसाच्या मुळाशीच रोग थांबला असेल, तर कडेचे महत्त्व वाढते आणि तिच्यावर उपचार करण्यालाही अर्थ राहतो. म्हणूनच मध्यभागातील ग्रंथींविषयी वर जे विचारले आहे त्याचे उत्तर सर्वांत आधी मिळवा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता लिहितो, कारण तुमचा तिसरा प्रश्न तिच्याशी जोडलेला आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारांचे जे मोठे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले अभ्यास गाजले, त्यांत कडा स्वच्छ असणे ही प्रवेशाची अटच होती. ओसिमेर्टिनिब या गोळीचा अदौरा, ॲलेक्टिनिब या गोळीचा अलीना, अटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीचा आयएमपॉवर-०१० हे सगळे अभ्यास पूर्णपणे काढलेल्या कर्करोगावरचे आहेत. इंटरनेटवर वाचलेले आकडे खरे आहेत, पण ते ज्या रुग्णांचे आहेत त्यांच्यात तुमचे वडील मोडत नाहीत. कडा पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांविषयी आपल्याकडे जे ज्ञान आहे, ते जवळजवळ सगळे जुन्या नोंदी चाळून मिळवलेले आहे, आणि अशा नोंदींत कोणाला शेक मिळाला आणि कोणाला नाही हे डॉक्टरांच्या तेव्हाच्या अंदाजावर ठरलेले असते. अधिक ठणठणीत रुग्णाला अधिक उपचार मिळतात, अशक्त रुग्णाला एखादाच मिळतो, आणि मग उपचाराचा परिणाम कोणता आणि प्रकृतीचा कोणता हे वेगळे काढता येत नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे त्याच अमेरिकन नोंदणीवर २०१५ मध्ये झालेल्या विश्लेषणात दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेतील पॉझिटिव्ह कडांच्या रुग्णांना किरणोपचाराचा फायदा दिसला, तर वर सांगितलेल्या २०१६च्या विश्लेषणात नुसता किरणोपचार घेतलेल्यांना फायदा दिसला नाही आणि केमो घेतलेले मात्र सरस ठरले. म्हणून कोणी तुम्हाला ‘शेकाने इतके टक्के फायदा होतो’ असे ठामपणे सांगितले, तर ते सांगणाऱ्याच्या आत्मविश्वासाचे माप समजावे.

पुरावा असा कमकुवत असला तरी व्यवहारात दिशा ठरलेली आहे, आणि ती मला तर्कसंगत वाटते. पहिल्या व दुसऱ्या अवस्थेत पुन्हा शस्त्रक्रिया करून कड स्वच्छ करता येत असेल तर त्या पर्यायाचा प्रामाणिक विचार आधी व्हावा. त्यासाठी पुन्हा ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका आतून पाहणे) आणि श्वासक्षमतेच्या चाचण्या लागतात. स्लीव्ह पद्धतीने भागत असेल तर चर्चा करण्यासारखी आहे. संपूर्ण उजवे फुप्फुस काढूनच भागणार असेल, तर माझे मत विरोधात आहे. उर्वरित फुप्फुस काढण्याची शस्त्रक्रिया धोक्याची, उजव्या बाजूला अधिक धोक्याची, आणि कापलेल्या नळीचे शिवलेले टोक, म्हणजे बुंधा, उघडे पडून छातीत गळती होण्याची भीती तिच्यात मोठी असते. ६४व्या वर्षी, काही पेशींसाठी, एवढी किंमत क्वचितच रास्त ठरते.

शस्त्रक्रिया शक्य नसेल तर केमो आणि किरणोपचार दोन्ही द्यावेत असे बहुतेक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. एकापाठोपाठ द्यावेत की एकत्र, हे प्रकृतीवर ठरते. सूक्ष्म रोगासाठी साधारण ५४ ते ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) इतकी मात्रा, रोज १.८ ते २ ग्रे याप्रमाणे, आठवड्यातून पाच दिवस दिली जाते, म्हणजे सहा आठवडे धरून चाला. केमोची बहुधा चार आवर्तने असतात आणि त्यांत सिस्प्लॅटिनसोबत दुसरे एक औषध असते. कुणी तुम्हाला १९९८च्या संयुक्त विश्लेषणाचा किंवा अलीकडच्या लंग-आर्ट अभ्यासाचा हवाला देऊन ‘शस्त्रक्रियेनंतर शेक निरुपयोगी, किंबहुना घातक’ असे सांगेल. लंग-आर्टमध्ये कर्करोग पूर्ण काढलेल्या रुग्णांचाच समावेश होता, आणि १९९८च्या निष्कर्षांवर जुन्या यंत्रांची, हृदयावर व निरोगी फुप्फुसावर जादा मात्रा पडण्याच्या काळाची छाया आहे. तो इशारा पॉझिटिव्ह कडेला जशाचा तसा लावता येत नाही.

केमोबद्दल एक गोष्ट मी माझ्या रुग्णांना नेहमी सांगत असे. बुंध्यावर पेशी राहिल्या म्हणून रोग बुंध्यावरच परतेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात यांतील पुष्कळ रुग्णांत तो आधी दूरवर, म्हणजे मेंदू, हाडे, यकृत किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत दिसतो. शेक फक्त तिथल्या तिथे काम करतो. म्हणून एका ग्रंथीत रोग असताना नुसता शेक घेऊन थांबणे मला अपुरे वाटते. मेंदूचा एमआरआय अद्याप झाला नसेल तर तो उपचार सुरू होण्यापूर्वी करून घ्या.

वेळेविषयी: जखम व नळीचा बुंधा भरून यायला काही आठवडे लागतातच, आणि शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत पुढचे उपचार सुरू झाले तर उशीर झाला असे मानत नाहीत. दुसरे मत घेण्याइतका वेळ तुमच्याकडे नक्की आहे, दहा मते घेण्याइतका नाही.

त्रिमूर्तीनगर

ताई, मी डॉक्टर नाही. माझ्या आईच्या बाबतीत छातीच्या भिंतीकडची कड पॉझिटिव्ह आली होती, त्यामुळे आमची गोष्ट तुमच्यापेक्षा वेगळी आहे आणि तिच्या प्रकृतीवरून तुमच्या बाबांविषयी अंदाज बांधू नये. व्यवस्थेविषयी मात्र लिहू शकतो.

सर्जन, केमोचे डॉक्टर आणि शेकाचे डॉक्टर यांची तीन वेगळी मते तीन वेगळ्या दवाखान्यांतून गोळा करत फिरण्यापेक्षा, तिघे एकत्र बसून निर्णय देतात अशा ठिकाणी फाइल नेलेली बरी. या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. नागपुरात मानेवाडा रस्त्यावरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था या दोन्ही ठिकाणी कर्करोगाचेच काम चालते. मिहानमधले एम्सही आहे. आमच्या नातेवाइकांनीही ‘मुंबईलाच न्या’ असा धोशा लावला होता. मत घेण्यासाठी टाटा रुग्णालयात जाणे योग्यच आहे, परंतु सहा आठवडे रोजचा शेक घेण्यासाठी वयस्क माणसाला मुंबईत भाड्याच्या खोलीत ठेवण्याआधी तीच मात्रा, त्याच प्रकारच्या यंत्रावर, घरून ये-जा करून मिळते का, हे पाहावे. काटोलहून रोज येणे अवघड वाटत असेल तर नागपुरात नातेवाइकांकडे राहणे हे मुंबईपेक्षा कितीतरी सोपे आहे.

मुंबईला जायचेच ठरले तर विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरांतोचे आरक्षण करण्यापूर्वी रुग्णालयाकडून रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र घ्या. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान आणि एसी थ्री-टियरमध्ये पूर्ण भाडेसवलत आहे, आणि सोबतच्या एका व्यक्तीला त्याच वर्गांत ७५ टक्के.

खर्चाबाबत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार यांचा समावेश आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. अट अशी की रुग्णालय योजनेच्या यादीत असावे आणि मंजुरी उपचार सुरू होण्याआधी घेतलेली असावी. रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, पहिल्याच दिवशी त्यांना शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवा. आधी पैसे भरून नंतर परत मिळतील या भरवशावर राहू नका.

आणखी एक. तुमच्या बाबांना कडेविषयी सांगितले आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. आमच्याकडे आईपासून लपवण्याचा बराच खटाटोप झाला, आणि शेकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर शेजारच्या बाईंनी तिला सगळे सांगून टाकले. निवृत्त शिक्षकाला अहवाल वाचता येतो.

काटोलची लेक

सर्वांचे मनापासून आभार. बाबांना सांगितले आहे. त्यांनी अहवाल स्वतः वाचला आणि लाल पेनाने खुणा करून माझ्या हाती दिला, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

मधल्या काळात झालेले काम असे. पॅथॉलॉजिस्टना भेटले. वेगळी चकती पाठवलेली नव्हती, त्यामुळे कड पॉझिटिव्हच आहे, आणि पेशी नळीच्या बाहेरच्या आवरणात आहेत. मध्यभागातील ग्रंथींचे दोन्ही गट तपासलेले असून स्वच्छ आहेत. मेंदूचा एमआरआय स्वच्छ आला. ब्रॉन्कोस्कोपीनंतर ट्यूमर बोर्डाने पुन्हा शस्त्रक्रिया नको असे सांगितले, कारण सुरक्षित कड मिळवण्यासाठी पूर्ण फुप्फुस काढावे लागेल असे त्यांना वाटते. केमो आणि नंतर किरणोपचार असा क्रम ठरला आहे. ब्लॉकवर केलेल्या जनुकीय चाचणीत ईजीएफआर या जनुकातला ‘एक्झॉन १९ डिलीशन’ हा बदल सापडला आहे.

आता घरच्यांचा नवा प्रश्न असा की हा बदल सापडलेल्यांना गोळी लागू पडते, तर केमो आणि शेक दोन्ही गाळून थेट गोळीच का सुरू करू नये? आणि ती एकदा सुरू केली की कायम घ्यायची का?

किरणोपचार, निवृत्त

तुमच्या हाती आलेली ही सर्वांत चांगली बातमी आहे, तरीही घरच्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही.

अदौरा अभ्यासात हाच बदल किंवा त्याच जनुकातला एल८५८आर हा बदल असलेल्या, कर्करोग पूर्ण काढलेल्या रुग्णांना तीन वर्षे ओसिमेर्टिनिब दिले गेले. पाच वर्षांनी गोळी घेणाऱ्यांपैकी ८८ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ७८ टक्के हयात होते. पण त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांनी आधी केमो घेतलेली होती, म्हणजे ती गोळी केमोला पर्याय म्हणून तपासली गेली नव्हती. दुसरीकडे २०२४ मध्ये लॉरा हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रिया न करता येणाऱ्या तिसऱ्या अवस्थेतील, ईजीएफआर बदल असलेल्या रुग्णांना केमो व किरणोपचार पूर्ण झाल्यावर हीच गोळी दिली, तेव्हा रोग पुढे न सरकण्याचा मध्यक काळ सुमारे साडेपाच महिन्यांवरून ३९ महिन्यांवर गेला. तुमचे वडील या दोन अभ्यासांच्या मधल्या जागेत आहेत. एकात रोग पूर्ण निघालेला, दुसऱ्यात तो शरीरातच असलेला, आणि दोन्हीकडे गोळीने चांगले काम केले. त्यामुळे मधल्या जागेतही ती उपयोगी ठरेल हे अनुमान रास्त आहे. मी उपचार करत असतो तर केमो आणि शेक पूर्ण करून मग ती सुरू करण्याच्या बाजूने उभा राहिलो असतो. या गोळीने रोग दबून राहतो हे निश्चित, पण उरलेल्या पेशी ती समूळ नष्ट करते असे म्हणता येत नाही. बुंध्यावरच्या पेशी संपवण्याची संधी किरणोपचारात आहे आणि ती आताच आहे. गोळी किती काळ घ्यायची हे त्यावरच अवलंबून असेल की डॉक्टर अदौराचा आधार घेतात की लॉराचा. पहिल्यात ती तीन वर्षे होती, दुसऱ्यात रोग पुढे सरकेपर्यंत.

दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. शेक चालू असताना ही गोळी सोबत देणे टाळतात, कारण फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. आणि केमो-शेकानंतर सर्रास दिले जाणारे ड्युरव्हॅलुमॅब हे इम्युनोथेरपीचे इंजेक्शन कोणी सुचवले तर ईजीएफआरचा अहवाल समोर ठेवा. हा बदल असलेल्यांना त्या इंजेक्शनाचा लाभ कमी दिसतो, आणि त्याच्यामागोमाग ओसिमेर्टिनिब सुरू केल्यास फुप्फुसाची तीव्र सूज येण्याची जोखीम राहते. खोकला हटत नव्हता त्या काळात क्षयाचे औषध सुरू केले गेले असेल आणि ते अजून चालू असेल तर तेही सांगा. क्षयाच्या औषधांतल्या रिफॅम्पिसिनमुळे ओसिमेर्टिनिबचे रक्तातले प्रमाण घटते. किमतीविषयी, २०२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या औषधावरील सीमाशुल्क काढण्यात आले, तरी ते महागच आहे. कंपन्यांच्या रुग्णसाहाय्य योजनांची माहिती रुग्णालयातील समाजसेवा विभागात मिळते, आणि ती चौकशी शेक संपण्याची वाट न पाहता आताच सुरू करावी, कारण कागदपत्रांना वेळ लागतो.

किरणोपचार संपल्यावर पहिली काही वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी छातीचा सीटी स्कॅन करावा लागेल. शेकानंतरच्या पहिल्या वर्षात त्या जागी पांढरट पट्टे आणि आकसलेला भाग दिसतो, आणि नवख्या डोळ्यांना तो परतलेला रोग वाटतो. बहुधा तो किरणांचा व्रण असतो. आधीच्या सर्व स्कॅनच्या सीडी प्रत्येक वेळी सोबत न्या आणि शक्य तितके एकाच केंद्रात स्कॅन करा, म्हणजे तो भाग आकसत आहे की वाढत आहे हे वाचणाऱ्याला तुलनेने सांगता येईल. वाढत असेल तर मात्र पेट स्कॅनवर न थांबता तिथली बायोप्सी मागा.